तिसऱ्या कडव्यातले ओठ

कात्रीने भिंतीला टेकलेल्या मोठ्या आरशावर दोन्ही तळहात सपाट ठेवले आणि मैत्रिणीला, शिडीला, मानेनेच खूण केली. शिडीने स्पीकरचा आवाज वाढवला. गिटारचा जाड सूर आधी बोटांच्या पेरांत आला, मग मनगटात शिरला. ड्रमचा ठोका थेट कोपरापर्यंत पोचला. "अजून थोडा," कात्री म्हणाली. दुकानातल्या सगळ्या काचा एकदम थरथरल्या, तसे कोपऱ्यात स्टुलावर बसलेले दुकानाचे मालक उठून उभे राहिले आणि काहीतरी बोलले.

त्यांच्या ओठांत पेन्सिल होती.

"काका, पेन्सिल काढून बोला," कात्री म्हणाली. "मला ऐकू येत नाही. मी ओठ वाचते."

काकांनी पेन्सिल काढून कानावर अडकवली. त्यांना त्यांच्याच दुकानात कुणी असं काही सांगितल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

"एवढ्यावर ठेवा, म्हटलं. काच आहे ती. तिलाही सोसायची हद्द असते."

कात्रीने मान डोलावली आणि ती हद्द विसरायला नको म्हणून स्पीकरच्या बटणाशेजारी खडूची रेघ ओढली.

तिचे कान सातव्या वर्षी एका तापात गेले होते. तोवर शिकलेलं बोलणं तेवढं मागे राहिलं. आवाज सपाट, पण शब्द स्वच्छ. कानातल्या यंत्रातून फक्त जाडेभरडे आवाज यायचे, तेही वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवतंय असे. बाकी सगळं ती डोळ्यांनी ऐकायची. ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे तीनही नातेवाईक तिला एकसारखेच दिसायचे, त्यावरून तिच्या घरी अजून हसत असत. पण समोरचा माणूस बोलण्याआधी अडखळला, बोलता बोलता शब्द बदलला, की ते तिच्याइतकं लवकर कुणाला कळत नसे.

कॉलेजात मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला हे काम लागलेलं होतं. तिघांचा गट, तीन मिनिटांचं स्वतः रचलेलं गाणं आणि त्यावर व्हिडिओ; आधी कागदावर पूर्ण आराखडा, मगच कॅमेरा. गाणं बुवाचं होतं. तो जेवणाच्या सुट्टीतसुद्धा गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणत. कॅमेरा शिडीकडे, कारण वर्गातली ती सगळ्यांत उंच मुलगी होती आणि तिला स्टँड लागतच नाही असा विनोद झालेला होता. कात्रीला नाव मिळालं ते तिच्या एडिटिंगमुळे. नको असलेलं काढून टाकताना तिचा हात कधी थरथरला नव्हता.

मॅडमनी मात्र पहिल्या दिवशी तिच्यासाठी वेशभूषा आणि पोस्टर सुचवलं होतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. शेवटी गाण्याचा व्हिडिओ आहे, असं त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. कात्रीने वाद घातला नाही. तिने लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला. पडद्यावर बुवाचं गाणं डोंगररांगेसारखं पसरलं होतं. आवाज चढला तिथे सुळके, श्वास घेतला तिथे खिंडी, आणि प्रत्येक ठोक्यावर तिने लावलेली लाल खूण. तिने एका खिंडीवर बोट ठेवलं. इथे हा अर्धा ठोका उशिरा येतो, ती म्हणाली, त्याला सांगायला हवं. मॅडमनी हेडफोन लावून ती जागा तीनदा ऐकली. बुवा खरंच उशिरा येत होता. दुसऱ्या दिवशी फलकावर दिग्दर्शन आणि संकलन या दोन्ही शब्दांपुढे कात्रीचं नाव होतं.

मग तिने घरच्या भिंतीवर शेहेचाळीस चौकोन चिकटवले. प्रत्येक चौकोनात पेन्सिलने काढलेलं एक दृश्य, खाली सेकंद, त्याखाली गाण्याचे शब्द. आईला तारीख बघायची तर त्यातून कॅलेंडर शोधून काढावं लागायचं.

गाणं एका निघून गेलेल्या मुलीचं होतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ यायची: ‘दार लोटून गेली ती, दिवा मात्र चालूच.’ अशा गाण्यांना सगळेजण समुद्र किंवा पाऊस दाखवतात, तेव्हा आपण आरसे दाखवू, असं कात्रीने ठरवलं. बुवाच्या वडिलांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, टेबलांच्या काचा, आरसे. बुवाने आधी टाळाटाळ केली; बाबांना नाही आवडणार, म्हणाला. कात्री स्वतः जाऊन विचारून आली. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी करा, पण मी हजर राहणार, एवढंच काका म्हणाले.

आरशांच्या दुकानात चित्रण करण्यातली खरी गोम पहिल्या अर्ध्या तासातच कळली. कॅमेरा कुठेही ठेवला तरी कोणत्या ना कोणत्या आरशात तो स्वतःच डोकावायचा आणि त्याच्यामागे शिडीचे लांबलचक पाय. कात्रीने याची तयारी केलेली होती. तिने कागदावर प्रत्येक आरसा मांडला होता, कोन काढले होते. जमिनीवर खडूने फुल्या मारल्या, आरशांखाली लाकडाचे तुकडे सारले. पाच आरसे वठणीवर आले. सहावा काही केल्या ऐकेना. काका इतका वेळ हाताची घडी घालून बघत होते. ते पुढे आले, सहाव्याला हातही लावला नाही, तिसऱ्याखालचा तुकडा अंगठ्याने नखभर आत ढकलला. कॅमेरा सगळ्या आरशांतून नाहीसा झाला.

"दोष नेहमी दिसतो तिथे नसतो," काका म्हणाले.

कात्रीने आपल्या कागदावर तिसऱ्या आरशाचा कोन खोडून नवा लिहिला. मनातून तिला ते फार आवडलं.

दिवसभरात बुवाने ते गाणं अकरा वेळा म्हटलं. म्हणजे स्पीकरवर गाणं लागायचं आणि त्याबरोबर तो ओठ हलवायचा. कात्री कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे न बघता फुल्या, सेकंद आणि उजेड सांभाळत राहिली. संध्याकाळच्या आत शेहेचाळीसही चौकोनांवर बरोबरच्या खुणा झाल्या. मॅडमच्या वर्गात वेळेवर काम संपवणारा हा पहिलाच गट असणार होता.

अडचण आली ती सोमवारी, एडिटिंगच्या खोलीत.

कात्री तिसरं कडवं जुळवत होती. आवाज बंदच असायचा. तिला त्याचा उपयोग नव्हता. डोंगररांगेवरची खूण आणि बुवाचे ओठ एवढं जुळलं की झालं. पहिली दोन कडवी लोण्यासारखी बसली होती. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीवर तिने हात थांबवला, चित्र मागे नेलं, पुन्हा चालवलं. ‘गेली ती’ म्हणताना ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात, दात दिसतात. बुवाचे ओठ ताणले गेले नव्हते. जबडा खाली आला होता आणि शेवटी ओठांचा छोटा गोल झाला होता.

गेला तो.

तिने दुसरी दृश्यं उघडली. अकरा वेळा बुवा गायला होता. अकराही वेळा पहिल्या दोन कडव्यांत ‘गेली ती’ होतं. आणि तिसऱ्यात, अकराही वेळा, ‘गेला तो’.

शेजारी बसलेल्या शिडीला तिने आवाज चालू करून दाखवलं. शिडीला काहीच वेगळं दिसेना. गाणं ऐकू येत असल्यामुळे तिचे डोळे कानांचं ऐकत होते. कानाला ‘ती’ आलं की तिला ओठांवरही ‘ती’च दिसायचं. शेवटी तिने कान बोटांनी बंद केले आणि मग तिलाही तो गोल दिसला.

कात्रीने बुवाला बोलावून घेतलं. त्याला आपल्यासमोर खुर्चीवर बसवलं, खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर येईल असं.

"तो कोण?" तिने विचारलं.

बुवाने पडद्याकडे पाहिलं. गोठवलेल्या चित्रात त्याचेच ओठ गोल झालेले होते. मग त्याने सांगितलं, आणि सांगताना तोंड फिरवलं नाही, कारण तिच्याशी बोलताना तोंड फिरवणं म्हणजे न बोलणंच, हे त्याला माहीत होतं.

त्याला मोठा भाऊ होता. दुकान त्याच्याच हातात जायचं ठरलेलं होतं. हातही वडिलांसारखाच, एका रेघेत काच कापणारा. पण त्याला दुकान नको होतं. चार वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने तसं सांगितलं, बॅग घेतली आणि निघाला. बाबा काहीच बोलले नाहीत. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, बुवा म्हणाला. तेव्हापासून घरात दादाचं नाव निघत नव्हतं. गाणं दादाचं होतं. लिहून झाल्यावर बाबांच्या कानावर जाईल या भीतीने त्याने ‘तो’ची ‘ती’ केली. दादाचं गाणं प्रेमगीत होऊन बसलं.

"मग तिसऱ्या कडव्यालाच का?"

"तिसऱ्या कडव्याला मी शेवटच्या फुलीवर येतो," बुवा म्हणाला. "तिथून समोरच्या आरशात बाबा दिसत होते. मी मुद्दाम नाही केलं. मला आता तू सांगितल्यावर कळतंय."

कात्रीने दोन मार्ग मांडले. पहिला सोपा: तिसऱ्या कडव्यात त्या क्षणी बुवाचा चेहरा दाखवायचाच नाही. रिकामा आरसा दाखवू, कुणाला पत्ता लागणार नाही, मॅडमना तर नाहीच. दुसरा मार्ग म्हणजे ओठ ठेवायचे आणि आवाज बदलायचा. बुवाने तिन्ही ठिकाणी ‘तो’ म्हणून ओळ पुन्हा गायची. मग तिसरं कडवं जुळेल, पण पहिली दोन बिघडतील आणि चेहरा तिथे झाकावा लागेल. काम दुप्पट. शुक्रवारी दाखवायचं आहे.

"तुझं मत?" बुवाने विचारलं.

"मी खोटं छान लपवते," कात्री म्हणाली. "पण तुझ्या ओठांनी अकरा वेळा सांगितलंय."

बुवा उठून गेला. मंगळवारी सकाळी तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर हजर होता, गळ्याभोवती मफलर गुंडाळून. कात्री काचेपलीकडे उभी राहून त्याच्या ओठांकडे बघत होती. तिसऱ्या वेळेला तिने अंगठा वर केला. शिडी नंतर म्हणाली की तिसऱ्या वेळेला तो अर्धा ठोकाही उशिरा आला नव्हता.

आता पहिल्या दोन कडव्यांत चार-चार सेकंदांची भोकं पडली होती. त्यात काय भरायचं, ते भिंतीवरच्या शेहेचाळीस चौकोनांत नव्हतं. कात्रीने बुवाला विचारलं, दादा गेला तेव्हा तुला काय दिसत होतं?

"बाबांचे हात," बुवा म्हणाला. "ते काच कापत होते. कापतच राहिले."

बुधवारी कात्री आणि शिडी पुन्हा दुकानात गेल्या. कात्रीने काकांना सांगितलं की गाण्यात दोन जागा रिकाम्या राहिल्या आहेत आणि तिथे तिला त्यांचे हात हवे आहेत, काच कापताना. काकांनी कारण विचारलं नाही. कामाला लावलेल्या माणसाच्या सहजपणे त्यांनी टेबलावरची घोंगडी झटकली, काचेचं तावदान आडवं केलं, लाकडी पट्टी धरली आणि काच कापायची हिरकणी एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. मग काच टेबलाच्या कडेवर घेऊन दोन्ही हातांनी किंचित दाब दिला. रेघेवर काच दोन झाली. शिडीने ते पाच वेळा टिपलं. पाचही वेळा काचेची कडा सरळ.

ते चित्र जागेवर बसवल्यावर कात्री खुर्चीत मागे रेलली. इतकं नेमकं तिच्या हातून याआधी काही झालं नव्हतं. ‘गेला तो’ या शब्दांवर पट्टीवर दाबलेली चार बोटं, आणि ‘दिवा मात्र चालूच’वर काच दोन होणं. ती उठून खोलीत एक फेरी मारून आली. पुन्हा बघितलं. मग तिला बरं वाटेनासं झालं.

हात त्या माणसाचे होते. आपले हात कोणत्या ओळीवर बसलेत ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

पुढे तो व्हिडिओ कॉलेजच्या सभागृहात दाखवला गेला. मॅडमनी शेवटी फक्त एक प्रश्न विचारला, त्या हातांची कल्पना आराखड्यात होती का, आणि कात्रीने ‘नव्हती’ म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षीच्या मुलांना एडिटिंग शिकवायला मदत करशील का, असंही मॅडमनी तिला विचारलं. ते सगळं शुक्रवारचं. गुरुवारी दुपारी ती लॅपटॉप पाठीला लावून काचेच्या दुकानात गेली. बरोबर बुवा होता. पण तो पायरीपाशीच थांबला. तू दाखव, म्हणाला, मला आत उभं राहणं जमणार नाही.

गिऱ्हाईक नव्हतं. कात्रीने काच कापायच्या टेबलावर घोंगडीवरच लॅपटॉप ठेवला.

"काका, हे उद्या सगळ्यांना दिसणार आहे. त्याआधी तुम्ही बघा. तुम्ही नको म्हणालात तर तुमचे हात मी काढून टाकीन. माझ्याकडे दुसरी सोय आहे."

दुसरी सोय म्हणजे रिकामा आरसा, आणि तो तिथे काहीच बोलणार नव्हता. तरीही तिने ते मनापासूनच म्हटलं.

काकांनी चष्मा पुसला आणि टेबलावर ओणवे झाले. कात्रीला पडद्याच्या खालच्या बाजूला सरकणारी रेघ दिसत होती; गाणं कुठे आलंय ते तिला त्यावरून कळत होतं. पहिलं कडवं. हात आले. काकांनी आपले हात ओळखले आणि किंचित हसू आलं त्यांना. मग शब्द त्यांच्यापर्यंत पोचले असावेत. हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस तिथून उठून गेला. दुसरं कडवं. पुन्हा हात. काकांनी टेबलाची कड धरली. तिसऱ्या कडव्याला बुवाचा चेहरा आला, सहा आरशांत सहा बुवा, आणि सगळ्यांच्या ओठांचा मिळून एकच छोटा गोल.

गाणं संपलं. काकांनी बोटानेच सांगितलं, पुन्हा.

दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी लॅपटॉपशेजारची लाकडी पट्टी सरळ केली. कात्री त्यांच्या ओठांकडे बघत राहिली; तिचं कामच ते होतं. शेवटी ते हलले.

"तेव्हा मी वर बघितलं असतं," काका म्हणाले, "तर रेघ चुकली असती."

ते कात्रीला सांगत नव्हते.

"हात राहू देत," काका म्हणाले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. "हे यातून पाठवता येतं का? कुणाला पाठवायचं असलं तर?"

येतं, कात्री म्हणाली. तिने व्हिडिओ त्यांच्या फोनवर घेतला, कुठे दाबायचं ते दाखवलं, आणि नाव निवडायला फोन त्यांच्या हातात परत दिला. काकांचा अंगठा यादीवरून खाली खाली गेला. एका ठिकाणी थांबला. नाव नव्हतं तिथे. नुसतं ‘थोरला’ असं होतं. अंगठा तसाच हवेत राहिला. बाहेर पायरीवर बुवा पाठमोरा बसलेला होता.

मग काकांनी व्हिडिओ पाठवायचं बटण दाबलं नाही. त्यांनी दुसरंच दाबलं आणि फोन कानाला लावला.

कात्रीने मान वळवली. तिकडच्या आरशात काका होते. ती उलट बाजूला वळली, तिथेही तेच, बाजूने दिसणारे, फोन धरून वाट बघणारे. तिसऱ्या आरशात त्यांचा चेहरा थेट समोरून दिसत होता आणि ओठ नुकतेच उघडत होते. पहिला शब्द यायच्या आत कात्रीने डोळे मिटून घेतले.